पिल्लाचा पाय फाटकात सापडला, टेकवतच नाहीये – मदत हवी आहे

साताऱ्यात गोडोलीला राहतो. आमचा काळू दोन महिन्यांचा, गावठीच. सकाळी आईनं भाजीवाल्यासाठी लोखंडी फाटक ओढलं आणि हा मधे घुसला. बिजागरीच्या फटीत मागचा डावा पाय सापडला. असा केकाटला की वरच्या मजल्यावरचे सगळे खाली आले. रक्त नाही, पण गुडघ्याखाली सूज आहे. तीन पायांवर उड्या मारतो. चौथा टेकवायला जातो, नखं फरशीला लागली की झटकन वर घेतो. दूध-भाकरी खाल्ली, शूही केली.

शेजारचे काका म्हणतात, मुका मार आहे, आंबेहळदीचा लेप लावून बांधून टाक. मामा म्हणतो, अंगदुखीची अर्धी गोळी दे. आज रविवार, आमचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का? (उचलताना मलाही चावला, पण दात जेमतेम लागलेत.)

प्रतिसाद

गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या लिव्हर-किडनीवर जातात, आणि एवढ्याशा जिवाला अर्धी गोळीही फार झाली. लेपही राहू द्या. तो चाटणार, आणि घट्ट बांधलंत तर पंजा सुजणार. चोळू नका, ओढून बघू नका. खोक्यात टॉवेल घालून त्यात ठेवा, उड्या बंद. फडक्यात बर्फ गुंडाळून पाचेक मिनिटं धरा, धरू दिलं तर.

पाय टेकवतच नाही म्हणजे एक्स-रे हवा. पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो. तिथला मार तसाच राहिला तर पाय आखूड नाहीतर वाकडा होतो. आज दुसरे कोणी डॉक्टर मिळतात का बघा, नाहीतर उद्या सकाळी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आधी फोन करून. मात्र हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं किंवा शू बंद झाली तर रात्रीसुद्धा थांबू नका.

आणि कंसात लिहिलंय ते कंसातलं नाही. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास देतात, म्हणजे याला झालेली नसणार. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच सिव्हिलला जा. नाव दोन्हीकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचंच आहे, घोळ नको: पिल्लू शिरवळला, तुम्ही सिव्हिलला.

धागाकर्ता

काल संध्याकाळी सिव्हिलला जाऊन पहिलं इंजेक्शन घेतलं. आज शिरवळला एक्स-रे झाला. नडगीला चीर आहे, हाड सरकलेलं नाही. प्लास्टर घातलंय, हा वाढता असल्यानं आठवड्यानं बदलायला बोलावलंय. बोटं उघडी ठेवलीत, ती गार पडली किंवा सुजली तर लगेच आणा म्हणाले. काका अजून लेपावरच आहेत.

आता एकच. शूला बाहेर नेताना प्लास्टरवर दुधाची रिकामी पिशवी चढवतो, आत आलो की काढतो. एवढ्यानं भागेल ना? पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये.