शब्दचर्चा : पैसे भरून अंतराळात जाऊन आलेल्याला मराठीत काय म्हणायचं?

कोरेगाव, शिक्षिका

सातवीच्या वर्गात अंतराळावर भित्तिपत्रक करायला घेतलंय. एका मुलीनं शुभांशु शुक्ला आणि गोपी थोटाकुरा यांचे फोटो शेजारीशेजारी चिकटवले आणि दोघांच्याही खाली 'भारतीय अंतराळवीर' असं लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच हरकत आली, "थोटाकुरा तर कंपनीच्या रॉकेटमधून दहा मिनिटांत जाऊन आले, ते कसले वीर?" त्यावरून वर्गात दोन तट पडले. उत्तर शोधायला कात्रणं काढली तर गोंधळ आणखी वाढला. एकाच माणसाला कुठे अंतराळ पर्यटक म्हटलंय, कुठे अवकाशयात्री, कुठे अवकाशवीर, कुठे हौशी अंतराळवीर. मुलांना एक काहीतरी नक्की सांगायचंय. आणि 'अंतराळ' लिहू की 'अवकाश', तेही सांगा.

कराड

मॅडम, 'अंतराळ पर्यटक' लिहा. हौसेनं गेले, पाहून आले, म्हणजे पर्यटकच. आपल्याकडे महाबळेश्वरला किंवा कासला येणाऱ्याला आपण दुसरं काय म्हणतो?

सातारा, माजी सैनिक

पर्यटक म्हणा नाहीतर प्रवासी म्हणा, पण 'वीर' सरसकट लावू नका, एवढंच माझं म्हणणं. आपल्या जिल्ह्यात हा शब्द पुस्तकातला नाही. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. वीरमाता, वीरपत्नी हे शब्द आपण समोर बसलेल्या माणसांना उद्देशून वापरतो, तेव्हा आवाज आपोआप खाली येतो. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएत सोयूझ यानातून गेले तेव्हा 'अंतराळवीर' म्हणताना कुणाला विचार करावा लागला नाही. हवाई दलाचा माणूस, दीड वर्षाच्या आसपास रशियात प्रशिक्षण, परत आल्यावर अशोकचक्र. त्या शब्दाचं वजन ठेवा.

वाई

ताई, तुमच्या वर्गातल्या दोन्ही तटांचं थोडं थोडं बरोबर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा शब्द आत्ताच नीट बसवला नाही तर पुढे तो मोडून काढणं अवघड जाईल.

आधी 'वीर' घेऊ. ॲस्ट्रॉनॉट या शब्दात शौर्य कुठेच नाही. मुळात ग्रीक शब्द, अर्थ ताऱ्यांमधला नाविक. रशियन कॉस्मोनॉटही विश्वातला नाविकच. 'वीर' आपण आपल्याकडून जोडला आणि त्या काळात ते योग्यच होतं. गागारिन १९६१ मध्ये गेला तेव्हा माणूस जिवंत परत येईल की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. शब्द त्या काळात घडला आणि त्या काळाला तो शोभला. आता त्याच शब्दात वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं बसवायची म्हटल्यावर तो उसवायला लागलाय.

तुमच्या विद्यार्थ्याची कसोटी 'कंपनीचं रॉकेट' ही आहे. बरेच जण 'पैसे कोणी भरले' अशी लावतात. दोन्ही कसोट्या टिकत नाहीत, आणि त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे खुद्द शुक्ला. २५ जून २०२५ ला ते ज्या ॲक्सियम-४ मोहिमेवर गेले, ती खासगी कंपनीची मोहीम होती, यान स्पेसएक्सचं ड्रॅगन. त्यांच्या जागेचे पैसे भारत सरकारनं मोजले होते. तरी ते अंतराळवीरच, कारण त्या मोहिमेचे वैमानिक ते होते आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन त्यांनी प्रयोग केले. मोहिमेच्या प्रमुख पेगी व्हिटसन कंपनीच्या नोकरीत होत्या. त्यांना 'वीर' नाकारायचं कुणाच्या मनातही येणार नाही.

उलट बाजूनं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीच्या यानातून अँटिग्वाच्या कीशा शाहाफ आणि त्यांची मुलगी ॲनास्टेशिया मेयर्स अशा मायलेकी जाऊन आल्या. त्यांना जागा सोडतीत मिळाली होती, तिकीट काढलेलं नव्हतं. म्हणून त्या 'पैसे भरून गेलेल्या' नव्हेत, पण अंतराळवीर तर मुळीच नव्हेत. तेव्हा पैशाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि मुलांना एवढंच विचारायला सांगा : यानात या माणसाकडे काम काय होतं?

पाचगणीच्या टेबललँडच्या कडेवर पॅराग्लायडिंग चालतं ते तुमच्या मुलांनी पाहिलं असेल. दोघं एकाच छत्रीला बांधलेले असतात. पुढे हौसेनं आलेला, मागे पायलट. चार पावलं दोघंही पळतात, वारा दोघांच्याही तोंडावर तोच, दरीही दोघांखाली तीच. पण दोऱ्या मागच्याच्या हातात असतात. तिथली माणसं एकाला पायलट म्हणतात, दुसऱ्याला पॅसेंजर. धाडस दोघांचंही असतं, पण त्यामुळे नावं एक होत नाहीत.

म्हणून माझं मत : ज्याच्याकडे यानातलं काम आणि जबाबदारी आहे तो अंतराळवीर. ज्याला नेऊन आणलं जातं तो अंतराळप्रवासी.

कराड

पण 'पर्यटक' का नको? इंग्रजीत आणि बातम्यांतही तोच चालतो. शिवाय 'प्रवासी' म्हटलं की एसटीत बसल्यासारखं वाटतं.

वाई

दादा, इंग्रजीतही तो बातम्यांचा आणि जाहिरातींचा शब्द आहे. जिथे शब्द तोलून वापरावे लागतात, तिथे तो नाही. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात कर्मचारी वेगळे आणि उड्डाणात सहभागी झालेली व्यक्ती वेगळी, असे दोन स्पष्ट वर्ग आहेत. सरकारी अंतराळवीर हा तिसरा वर्ग नंतर, २०१५ मध्ये आला. 'पर्यटक' तिथे नाही. २००६ मध्ये स्थानकावर गेलेल्या अनुशेह अन्सारी यांनाही आपल्याला पर्यटक म्हटलेलं रुचलं नव्हतं. रशियात अनेक महिने तयारी करून, तिथे प्रयोगांत भाग घेऊन आलेल्या बाईंना तो शब्द तोकडा वाटला यात नवल नाही.

माझी खरी हरकत मात्र दुसरीच आहे. पर्यटक म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? हॉटेल, गाडी, मक्याचं कणीस, संध्याकाळी पॉइंट. सगळं काही इतकं घडी बसलेलं की फार तर गाडी पंक्चर होईल. अंतराळाची परिस्थिती तशी नाही. त्याच अमेरिकी कायद्यानं कंपनीवर बंधन आहे की धोके प्रवाशाला लेखी कळवायचे आणि हे यान सरकारनं सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलं नाही हेही सांगायचं. ते वाचून त्यानं लेखी संमती दिली तरच त्याला नेता येतं. कासच्या फाट्यावर पावती फाडण्याइतकं ते साधं नाही.

आणि हे कागदापुरतं नाही. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिन गॅलॅक्टिकचं यान चाचणीत हवेतच मोडलं, सहवैमानिक मायकेल ऑल्सबरी गेले. थोटाकुरा ज्या उड्डाणात होते, १९ मे २०२४ च्या, त्यात उतरताना कुपीच्या, म्हणजे माणसं बसतात त्या कप्प्याच्या, तीन पॅराशूटपैकी एक पूर्ण उघडलंच नाही. दोनांवर सुखरूप उतरता यावं अशी रचना होती म्हणून सहाही जण बाहेर आले. हे मुलांना सांगा. दहा मिनिटांचा प्रवास म्हणून तो हलका ठरत नाही.

'प्रवासी' शब्दात धोका दिसत नाही, हे मान्य. पण तो शब्द धोका लपवतही नाही. हा बसलाय आणि यान चालवणं याच्या हाती नाही, एवढंच तो सांगतो, आणि तेवढं खरं आहे. 'पर्यटन' हा शब्द धंद्याचं नाव म्हणून खुशाल ठेवा. अंतराळ पर्यटनाच्या कंपन्या, अंतराळ पर्यटनाचा खर्च, इथे अडत नाही. डेनिस टिटो २००१ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर मोजून आठेक दिवस जाऊन आले, तिथून या व्यवसायाची खरी सुरुवात झाली. माणसाला मात्र प्रवासी म्हणा.

सांगली

'हौशी अंतराळवीर' राहिलाच की! नाटकवाल्यांच्या गावचा म्हणून या शब्दाबद्दल बोलतो. हौशी नट म्हणजे ज्याचं पोट नाटकावर नाही, पण जो रंगमंचावर उभा राहतो, पाठांतर करतो, तालमी चुकवत नाही. तिकीट काढून खुर्चीत बसलेल्याला कुणी हौशी नट म्हणत नाही. तेव्हा थोटाकुरांना हौशी अंतराळवीर म्हणणं चूक. पण म्हणून शब्दच टाकून देऊ नका.

वाई

वा, हे माझ्याकडून सुटतच होतं. आणि या शब्दाला शोभतील अशी माणसंही आहेत. सप्टेंबर २०२१ च्या इन्स्पिरेशन-४ मोहिमेत चौघंही खासगी नागरिक, व्यावसायिक अंतराळवीर एकही नाही. जॅरेड आयझॅकमन या उद्योजकानं खर्च उचलला आणि तोच मोहीमप्रमुख झाला. सियान प्रॉक्टर या भूविज्ञानाच्या प्राध्यापिका, त्या वैमानिक. हेली आर्सेनो दवाखान्यात काम करणारी, लहानपणी हाडाच्या कर्करोगातून बरी झालेली, तिच्याकडे वैद्यकीय जबाबदारी. सहा महिने तयारी करून चौघं तीन दिवस पृथ्वीभोवती फिरले, स्थानकापेक्षाही वरच्या कक्षेत. सांगलीकरांच्या अर्थानं हे नेमके हौशी अंतराळवीर. आयझॅकमन तर सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा गेला आणि यानाबाहेर आला. खासगी मोहिमेतला तो पहिला स्पेसवॉक.

फलटण

मग 'गगनयात्री'? इस्रोनंच वापरलाय.

वाई

तो भारताच्या गगनयान या अंतराळात माणूस पाठवण्याच्या मोहिमेतल्या निवडलेल्या चौघांसाठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरुवनंतपुरमला त्यांची नावं जाहीर झाली, शुक्ला त्यातलेच. पदाचं नाव आहे, तिथेच राहू द्या. 'अंतराळयात्री', 'अवकाशयात्री' हे मात्र मला हिंदीतून उचललेले वाटतात. आपल्याकडे यात्रा म्हणजे मांढरदेवची, पालीची, गावच्या दैवताची. यात्रेला जाणारा यात्रेकरू. बसस्टँडवर आपण 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' असंच ऐकतो.

अंतराळ की अवकाश, याचं थोडक्यात. विज्ञानाच्या पुस्तकांत अवकाश भरपूर सापडेल आणि तो चूक नाही. पण बोलण्यात 'गाडीला अजून अवकाश आहे', 'तू सांगायचा अवकाश, मी हजर' असे त्याचे दुसरे अर्थ इतके रुळलेत की सातवीच्या मुलांसाठी अंतराळ सरळ पडतो. एका भित्तिपत्रकात दोन्ही मिसळू नका, बस्स.

एक आणखी, न विचारता सांगतो. फोटोखाली 'अंतराळ सफर' लिहिलंत तर शुक्ला आणि थोटाकुरा पुन्हा एकाच रांगेत येतील. थोटाकुरांना नेणारं ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड रॉकेट आवाजाच्या साधारण तिप्पट वेगानं सरळ वर जातं. कुपी रॉकेटपासून सुटते, शंभर किलोमीटरच्या वर पोचते आणि खाली येते. मध्ये तीन-चार मिनिटं माणसं तरंगतात. यानात वैमानिकच नसतो, सगळं आपोआप चालतं. स्थानकाकडे जाणाऱ्या यानाला मात्र ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग गाठावा लागतो, तेव्हा कुठे ते न पडता दीड तासात एक प्रदक्षिणा घालत राहतं. पहिल्याला झेप म्हणा, दुसऱ्याला प्रदक्षिणा, आणि स्थानकावर राहिले असतील तर मुक्काम. थोटाकुरांची झेप दहा मिनिटांची होती, शुक्लांचा स्थानकावरचा मुक्काम सुमारे अठरा दिवसांचा. तिन्ही शब्द मुलांच्या रोजच्या तोंडातले आहेत आणि 'उपकक्षीय' पाठ करून घेण्यापेक्षा त्यांतून फरक चटकन कळतो.

'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं' हे वाक्यही कात्रणांतून भित्तिपत्रकावर येईल, ते अडवा. स्थानकाच्या उंचीवर जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के गुरुत्वाकर्षण असतं. यान आणि आतली माणसं एकाच वेगानं पडत असतात म्हणून वजन जाणवत नाही. वजनरहित अवस्था लिहा.

कोरेगाव, शिक्षिका

सर, खूप आभार. आज वर्गात 'यानात काम काय होतं?' हाच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मुलांनी स्वतःच फोटो वेगळे लावले. एकीवर मात्र अडलोय. वॉली फंक. १९६१ मध्ये महिला वैमानिकांच्या ज्या खासगी चाचण्या झाल्या त्या त्यांनी पार केल्या, पण त्या काळी अमेरिका बाईला पाठवायला तयार नव्हती. पुढे आयुष्यभर विमानं चालवली, हजारो जणांना शिकवली, आणि २० जुलै २०२१ ला, ८२ व्या वर्षी, ब्लू ओरिजिनचे मालक जेफ बेझोस यांच्यासोबत न्यू शेपर्डमधून गेल्या. मुली म्हणतात, यांना नुसतं 'प्रवासी' लिहिणार नाही.

सातारा, माजी सैनिक

मुलींचं बरोबर आहे. लिहू नये.

वाई

त्या यानात त्यांच्या हाती काम नव्हतं, म्हणून त्या उड्डाणापुरत्या त्या प्रवासीच. पण माणसाची ओळख एका उड्डाणापुरती नसते. आधी व्यवसाय लिहा, मग उड्डाण : 'वैमानिक वॉली फंक, २०२१ च्या अंतराळप्रवासी'. हीच रीत थोटाकुरांनाही लावा, तेही वैमानिक आहेत : 'वैमानिक गोपी थोटाकुरा, ब्लू ओरिजिनच्या यानातून झेप घेणारे भारतीय अंतराळप्रवासी'. आणि शुक्ला : 'ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, अंतराळवीर, ॲक्सियम-४ चे वैमानिक'.

सामासिक शब्द आहे, तोडू नका. 'अंतराळप्रवासी' एकत्र. अनेकवचनही तेच, स्त्रीलिंगीही तेच, प्रत्यय लागताना अंतराळप्रवाशानं, अंतराळप्रवाशांना. मुलींना ईकार-आकाराची खटपट करायला नको.