सेनापतीच्या झग्याचा रंग

रोमन सेनापतींच्या छोट्या प्रतिकृती रंगवताना सर्वांचे झगे सरसकट जांभळे ठेवावेत, ही सूचना मला पटत नाही. प्रजासत्ताकाच्या काळातील सेनापतीचा पालुदामेंटम, म्हणजे खांद्यावर अडकवलेला लांब झगा, बहुधा किरमिजी असे. जांभळा रंग पुढे सम्राटांशी अधिकाधिक जोडला गेला. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवले आहे की, इ. स. पू. ५३ मध्ये पार्थियनांविरुद्धच्या (म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्याविरुद्धच्या) कार्हाईच्या लढाईच्या दिवशी रोमन सेनापती क्रॅसस प्रथेप्रमाणे किरमिजी झगा न घालता काळ्या झग्यात बाहेर आला आणि लक्षात येताच त्याने तो बदलला. प्रतिकृतींनी या लढाईचा पट मांडणाऱ्यांनी तो काळा झगा अवश्य रंगवून पाहावा, इतका तो प्रसंग बोलका आहे. पुढच्याच वर्षी गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) अलेसियाला सीझर ऐन लढाईत उतरला, तेव्हा झग्याच्या रंगावरून तो ओळखू आला, असे तो स्वतः लिहितो. मात्र रंग कोणता, हे सांगत नाही. तेथे रंगवणाऱ्याला मोकळीक आहे.

२८ मिलिमीटरच्या प्रतिकृतीवर लाल रंग उजळताना त्यात पांढरा मिसळू नये, कारण घड्या गुलाबी दिसू लागतात. तपकिरीकडे झुकणाऱ्या गडद लालाने सुरुवात करावी, घड्यांच्या खोबणी तशाच सोडाव्यात आणि शेवटी फक्त उंच कडांवर नारिंगी मिसळलेला लाल, अगदी पातळ करून, बारीक कुंचल्याने ओढावा. कांस्याच्या कवचावर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला की छातीच्या स्नायूंच्या रेषा आपोआप उठून दिसतात.