जुनी नाणी: ऑनलाइन घेऊ की फोर्टात जाऊन? (बजेट २५ हजार, सल्ला हवाय)

डोंबिवलीकर_८६
नमस्कार मंडळी. बाबांना पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण होतायत. त्यांच्याकडे श्रीखंडाचा एक जुना डबा आहे, त्यात राणीछाप, पंचम जॉर्जचे रुपये, भोकाचा पैसा असं सगळं कागदात गुंडाळून ठेवलंय आणि दर लक्ष्मीपूजनाला तो डबा बाहेर निघतो. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एकच ऐकलंय की १९३९ चा रुपया राहिला आणि शिवराई राहिली. म्हटलं यंदा दोन्ही द्यायचे. एका साइटवर १९३९ चा रुपया १८ हजारला दिसतोय, फोटो एकदम क्लिअर आहेत, विकणारा म्हणतो ५ हजार आत्ता टाका तर ठेवतो नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. त्याच्याकडेच शिवराई १२०० ला आहे. टाकू का पैसे? की फोर्ट, चोरबाजार असं स्वतः फिरू? मला यातलं ओ की ठो कळत नाही आणि बाबांच्या हातात खोटं नाणं द्यायची कल्पनासुद्धा सहन होत नाही.

गिरगाव_गल्ली
आधी एक, ते ५ हजार टाकू नका. बाकीचं निवांत वाचा.

१९३९ चा रुपया इथेच मुंबईच्या टांकसाळीत पडला, पण बाहेर फारच थोडे राहिले. पुढच्या वर्षापासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली. त्यामुळे खरा १९३९ लाखांच्या घरात बोलला जातो, १८ हजारला कोणी जाणकार तो सोडणार नाही. आणि यातली खरी मेख अशी की लबाडी करणारे खोटी चांदी वापरतच नाहीत. ते १९३८ चा अस्सल रुपया घेतात आणि ८ चा ९ करतात. म्हणजे वजन ११.६६ ग्रॅम, पूर्ण एक तोळा, बरोबर भरतं, चांदी बरोबर, आवाज खणखणीत, लोहचुंबक चिकटत नाही. घरगुती परीक्षा सगळ्या पास.

मी असा एक हातात धरून बघितलाय. नुसत्या डोळ्यांना काहीच वाटलं नाही. दहा पट भिंग लावलं तर शेवटच्या ९ भोवतीची चांदी बाकी नाण्यापेक्षा वेगळी चमकत होती, बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेने. १९३९ मध्ये ९ दोनदा येतो ना, तर पहिला ९ आणि शेवटचा ९ एकाआड एक बघायचे. त्या नाण्यावर पहिल्याच्या कडा मऊ झिजलेल्या होत्या, ८० वर्षं हाताळल्यासारख्या, आणि शेवटच्याच्या धारदार. नाणं बोटांत तिरकं फिरवलं तेव्हा हे दिसलं. उजेड समोरून टाकून काढलेल्या फोटोत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून माझं ठाम मत, महागडं पहिलं नाणं हातात घेऊनच घ्या.

मुलुंड_ताई
गिरगाव_गल्ली यांच्याशी सहमत, पण ऑनलाइन सगळंच वाईट असं नको व्हायला. फोर्टातली जी जुनी लिलावघरं आहेत त्यांचे लिलाव ऑनलाइनही चालतात, कॅटलॉगमध्ये वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो असतात आणि बहुतेक ठिकाणी लिलावाआधी नाणी प्रत्यक्ष बघायला ठेवतात, तिथे तुम्हाला कोणी काही घ्यायला लावत नाही. फक्त हातोडा पडला त्या रकमेवर त्यांचं कमिशन आणि जीएसटी वेगळा लागतो, तो आधी वाचून बजेटमध्ये धरा. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, कारण हल्ली डब्याही खोट्या येतात.

चोरबाजार मला मनापासून आवडतो, शुक्रवारी सकाळी तर हमखास जाते, पण २५ हजार खिशात घेऊन नवख्या माणसाने तिथे जाऊ नये. तिथे कंपनी सरकारचं म्हणून रामदरबाराचं १८१८ चं हाफ आना हमखास दाखवतात. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नव्हतं.

डोंबिवलीकर_८६
बापरे. १८१८ चं रामदरबार बाबांच्या डब्यात आहे 😟 मग शिवराईचं काय? तीही सोडून देऊ?

गिरगाव_गल्ली
शिवराई अजिबात सोडू नका, ती तुमच्या बजेटात आरामात बसते. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति. हाताने ठोकलेलं तांब्याचं नाणं, त्यामुळे अक्षरं नेहमी थोडी सरकलेली, कुठे श्री अर्धाच, कुठे पति कडेबाहेर, कुठलीही दोन अगदी सारखी नसतात. माझी चूक सांगतो. सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक घेतली, फार आनंदात होतो. दोन महिन्यांनी त्याच्याच पानावर दुसरी दिसली, हुबेहूब तीच, वरची अक्षरं तितकीच कापलेली आणि ४ वाजण्याच्या जागी कडेला तोच खळगा. एकाच साच्यातून ओतलेल्या होत्या दोन्ही. परत भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी भोकं, ओतकामात हवा अडकली की होतात तशी. तेव्हा त्या १२०० वाल्याची बाकीची सगळी नाणी उघडून बघा, जुळी सापडली तर विषय संपला. आणि दुदांडी शिवराई म्हणून एक प्रकार खूप मिळतो, ती नंतरच्या काळातली, पेशवाईतली. ती वाईट नाही, पण महाराजांच्या काळातली म्हणून दुप्पट पैसे मोजू नका.

घेतलीत तर चिंच, पितांबरी, ब्रासो काहीही लावू नका. काळा-हिरवट थर गेला की किंमतही गेली.

शिवडी_लोकल
५ हजार आधी टाका वाल्यांबद्दल अजून एक. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक नाही आणि त्यासाठी चार्ज, कमिशन काही मागत नाही. तरी आमच्या चाळीतल्या एका काकूंना वैष्णोदेवीच्या ५ रुपयाचे १० लाख मिळतील सांगून रजिस्ट्रेशन फी म्हणून पैसे काढून घेतले. ते नाणं २०१२ चं, ढिगाने पाडलेलं. ऑनलाइन घेतलंच तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि परत घ्यायची मुदत लेखी घ्या.

डोंबिवलीकर_८६
सगळ्यांचे खूप आभार. त्याला नाही म्हणून कळवलं, लगेच १२ हजारवर आला, तेव्हाच कळलं. आता विचार असा आहे की १९३९ चा नाद सोडायचा आणि शिवराई चांगली घ्यायची, बाबांना सोबत घेऊन. सरप्राइज गेलं तरी चालेल. शनिवारी काय काय घेऊन जाऊ?

गिरगाव_गल्ली
भिंग, पॉइंट झिरो वन ग्रॅमवाला छोटा काटा आणि बाबांचा डबा. आधी पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे तिथे जा, उघडं आहे ना ते फक्त आदल्या दिवशी बघून घ्या. अस्सल नाणी डोळ्यांत बसली की मग दुकानात. दोन-तीन दुकानं बघा, पहिल्याच ठिकाणी घेऊ नका. पक्कं बिल, त्यावर वजन आणि खोटं निघालं तर परत घेऊ असं लिहून मागा, चांगला दुकानदार कुरकुर न करता देतो. आणि डब्यातले रुपये भिंगाखाली जरूर घाला, १९११ चा पंचम जॉर्ज असेल तर राजाच्या झग्यावरचा हत्ती बघा. त्या वर्षी तो डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. बाबांना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल.