मदत हवी आहे: कबुतरं टाळून अंगणात चिमण्या-बुलबुल कसे येत राहतील?

जाईजुई

नमस्कार मंडळी. प्रश्न आधीच सांगते. अंगणात दाणे घातले की कबुतरं उतरतात, बंद केले की चिमण्याही येईनाशा होतात. आम्हाला कबुतरं अजिबात नको आहेत आणि लहान पक्षी मात्र हवे आहेत. हे कुणी जमवलं आहे का?

आम्ही पुण्यात कोथरूडला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घरामागे खोलीभर मोकळी जागा आहे. तिथे एक पेरू, एक कढीपत्ता, कोपऱ्यात शेवगा आणि कुंपणाला जास्वंद. शेजारी ओटा आहे, त्यावर माझे सासरे सकाळचा बराच वेळ बसतात. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. त्यांना पुन्हा बोलतं केलं ते या पक्ष्यांनी. दयाळ आज कुठे बसून गात होता, शिंप्याची जोडी पेरूच्या कुठल्या पानापाशी घुटमळतेय, कढीपत्त्याची काळी फळं आधी बुलबुलाने खाल्ली की कोकिळेने, हे सगळं आम्हाला जेवताना ऐकायला मिळायचं. एका वहीत तारखा घालून ते लिहून ठेवायचे.

शेजारच्या प्लॉटवर नवी उंच इमारत झाली आणि तिच्या डक्टमध्ये, एसीच्या बाहेरच्या यंत्रांमागे कबुतरांनी बस्तान बसवलं. आम्ही पूर्वीपासून ओट्याच्या कठड्यावर ज्वारी आणि तांदळाच्या कण्या टाकत आलो. चिमण्या, होले, साळुंक्या यायच्या. आता दाणे पडायचा अवकाश, अख्खा थवा खाली येतो. चिमण्या वायरवर बसून बघत राहतात. कठडा, तुळशीवृंदावन, वाळत घातलेले कपडे, सगळीकडे घाण. त्यातच सासऱ्यांना कोरडा खोकला सुरू झाला. छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अजून गंभीर काही नाही, पण कबुतरांच्या विष्ठेपासून आणि पिसांच्या धुळीपासून त्यांना लांब ठेवा. वरच्या मजल्यावरच्या काकूंचीही तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

म्हणून दाणे बंद केले. सासरे काही म्हणाले नाहीत. ओट्यावर बसतात, वही मात्र उघडत नाहीत.

बाजारात मिळणारी बाटलीसारखी फीडर लावून पाहिली, पण खालच्या बशीवर उभं राहून कबुतरं ती रिकामी करतात. बुलबुल, तांबट, शिंजीर दाणे खातच नाहीत, मग त्यांच्यासाठी काय ठेवावं? शिंजिरासाठी साखरपाणी चालतं का? पाण्याचं भांडं ठेवलं की सोसायटी डेंग्यूचं कारण सांगते, त्याचं काय? आणि पावसाळ्यात तुम्ही काय करता?

एक विनंती. कबुतरांना इजा होईल असं काही सुचवू नका. सासऱ्यांना ते सहन होणार नाही, मलाही नाही.

निवांत

पक्ष्यांचं नंतर बोलू, आधी तब्येतीचं. माझ्या आईला याच कारणाने हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस झाला, म्हणून जरा कळकळीने लिहितो. कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं श्वासावाटे आत जात राहिली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते. वेळेत कळलं आणि संपर्क तुटला तर माणूस पुष्कळ सावरतो. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर फुप्फुसं कडक होत जातात आणि तो भाग पुन्हा मऊ होत नाही. खोकला थांबला नाही, जिना चढताना धाप लागायला लागली, तर पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि कबुतरांचा उल्लेख आवर्जून करा.

ओटा कोरड्या झाडूने अजिबात झाडू नका. वाळलेली विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क लावा, मग खरवडून पिशवीत भरा. हे काम चालू असताना सासऱ्यांना आतल्या खोलीत बसवा, खिडक्या बंद. आणि हे काम त्यांनी स्वतः कधीच करायचं नाही.

मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा पुष्कळांची मनं दुखावली. श्रद्धेने दाणे घालणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण आईचा ऑक्सिजन सिलिंडर रोज बघणाऱ्याला विचाराल तर तो दाणे घालण्यावरच्या बंदीच्या बाजूने बोलेल, मीही बोलतो.

मूळ दुखणं शेजारच्या डक्टमध्ये आहे. त्या सोसायटीला डक्ट जाळीने बंद करायला सांगा. कबुतरं बाराही महिने घरटी करतात, एका वेळी बहुधा दोन अंडी, ती उबवायला अठरा दिवसांच्या आसपास आणि पिल्लं उडायला आणखी महिनाभर. तेव्हा जाळी मारणाऱ्याला आधी घरटी बघायला लावा. पिल्लं असतील तर तेवढं थांबायचं.

लांजेकर

तुमचं उत्तर कणसात आहे! आमच्याकडे कोकणात भातकापणी झाली की लोंब्यांची एक जुडी बांधून पडवीत टांगतात. चिमण्या तिला लोंबकळून, अगदी उलट्या होऊनसुद्धा दाणे टिपतात. कबुतराला ते जमत नाही. चिमणी पंचवीस-तीस ग्रॅमची, मुनिया तिच्या निम्मी आणि कबुतर तीनशे ग्रॅमच्या पुढे. त्याला पाय टेकायला सपाट जागा लागते.

तुमच्याकडे लोंब्या मिळणार नाहीत, पण बाजरीची कणसं मिळतील. राळ्याची मिळाली तर फारच छान, ती मुनियांना फार आवडतात. एकेक कणीस वेगळं, सुतळीने, पेरूच्या बारीक फांदीला असं बांधा की वाऱ्यावर हलत राहील. जाड फांदीजवळ नको. तिथे कबुतर बसून मान लांब करतं. एका वेळी दोन-तीन कणसं पुरेत.

खाली सांडलेले दाणे मात्र दिवे लागायच्या आत गोळा करायचेच. नाहीतर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण किंवा घोणस. माझ्या मते अंगणात दाणे घालणाऱ्याची खरी परीक्षा सकाळी नसते, संध्याकाळी असते.

देशावरचा

लांजेकरांशी सहमत. कणसं नसतील तेव्हासाठी पिंजरा-फीडर करून घ्या. दीड इंची चौकोनांची वेल्डेड जाळी घेऊन दीड-दोन फुटांचा पिंजरा बनवायचा, दाण्यांची लहान वाटी बरोबर मध्यभागी. जाळीपासून वाटी चारी बाजूंनी निदान अर्धी वीत आत हवी, नाहीतर कबुतर बाहेरून मान घालून खातं. चिमण्या आणि मुनिया आरामात आत-बाहेर करतात. होले, साळुंक्या आणि पोपट बाहेर राहतात, त्याला इलाज नाही. कापलेल्या तारांची टोकं कानशीने घासून घ्या, पक्ष्यांचे पाय फाटतात. वर टिनाचं उतरतं छप्पर ठेवा. सपाट ठेवलंत तर कबुतरं तिथेच मुक्काम करतील.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे क्रम. दाणे बंद करून किती दिवस झाले? निदान दोन-तीन आठवडे अंगणात एकही दाणा दिसू देऊ नका. इथे काही मिळत नाही हे कबुतरांना पटलं पाहिजे, त्याआधी कणसं टांगलीत तर ती खाली सांडलेल्यासाठी बसून राहतील.

जाईजुई

इतके नेमके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. दाणे बंद करून महिना होत आला, म्हणजे क्रम आपोआप साधला. पण सासऱ्यांना एकच टोचणी लागली आहे की आपल्या भरवशावर असलेल्या चिमण्या उपाशी तर राहिल्या नसतील?

फुलवेडी

आजोबांना सांगा, नाही राहिल्या. अंगणातले दाणे म्हणजे त्यांच्या पोटाचा एक हिस्सा, बाकीचं त्या गवताच्या बिया आणि किडे शोधून भागवतात. पिल्लांना तर चिमणीसुद्धा अळ्या आणि किडेच भरवते, दाणे नाही. त्यामुळे बागेत कीटकनाशक मारत असाल तर ते बंद करणं हे दाणे घालण्यापेक्षा मोठं काम आहे.

शिंजिरासाठी साखरपाणी नको. आपल्या उन्हात ते काही तासांत आंबतं, बुरशी धरतं, आणि मुंग्या येतात त्या वेगळ्याच. त्याऐवजी हमेलिया लावा. नारिंगी-लाल नळीसारखी फुलं वर्षभर येतात, शिंजीर दिवसभर तिथेच असतात आणि फळं बुलबुल खातात. पावसाळ्याच्या तोंडावर फांदी खोचली तरी जगते. अडुळसा आणि शंकासुरही चांगले. तुमच्या जास्वंदीतही एकेरी पाकळ्यांची ठेवा, गेंदेदार जास्वंदीत पक्ष्याला मधापर्यंत नीट पोचता येत नाही. शिंजीर फुलांच्या आसपासचे कोळी आणि बारीक किडेही टिपतो, पिल्लांसाठी तर तेच लागतात. साखरेच्या पाण्यात ते कुठून येणार?

बुलबुल आणि तांबटासाठी पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड फांदीला टोचून ठेवा. कबुतरं सहसा फळाला तोंड लावत नाहीत. दुपारपर्यंत उरलेली फोड काढून टाका. बिस्किटं, ब्रेड, फरसाण, शेव, काहीही नको, मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. कढीपत्ता छाटायचा असेल तर फळं संपल्यावर छाटा.

पाण्याबद्दल. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या भिंतीवर, आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. रोज सकाळी मातीची परात काथ्याने घासायची आणि ताजं पाणी भरायचं. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, रोज घासलेल्या भांड्यात तो होऊच शकत नाही. सोसायटीच्या लोकांना सकाळी बोलावून दाखवा.

पाणी दोन बोटंच खोल हवं, आत एक खडबडीत दगड. जागा निवडणं मात्र अवघड आहे. उघड्यावर ठेवलंत तर कबुतरं, झुडपाखाली ठेवलंत तर मांजर दबा धरून बसतं. मी परातीऐवजी लहान मातीची थाळी तीन साखळ्यांनी झाडाच्या आत, छातीइतक्या उंचीवर टांगली आहे. दाट फांद्यांत कबुतराला उतरायला नको वाटतं. दयाळ, बुलबुल, शिंपी, चष्मेवाला सगळे येतात आणि अंघोळसुद्धा करतात. तुमचा पेरू यासाठी उत्तम.

थेम्सकाठ

इंग्लंडहून लिहिते आहे. इथे घरोघरी फीडर आहेत, आणि त्याचाच एक धडा सांगावासा वाटतो. ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग साधारण २००५-०६ पासून ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये ते ब्रिटनच्या लाल यादीत, म्हणजे सर्वांत जास्त काळजी करावी अशा पक्ष्यांच्या यादीत गेले. एकाच बशीत सगळ्यांनी खाणं-पिणं हे तो पसरण्याचं एक मोठं कारण. कबुतरांच्या कुळात हा रोग मुळातच आहे. म्हणून वाटी, आणि रोजच्या घासण्याखेरीज थाळीही, आठवड्यातून एकदा धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवा, टांगायची जागा अधूनमधून बदला. फुगून बसलेला, लाळ गळणारा पक्षी दिसला तर पंधरा दिवस सगळं बंद.

आणि आजोबांची वही फार मोलाची आहे. तारखांसकट लिहिलेल्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर भरता येतात. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, त्यात भारतातून २०१३ पासून लोक भाग घेतात. पंधरा मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे, इतकंच. दाणे असोत वा नसोत.

जाईजुई

हा धागा सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. पिल्लांना अळ्या भरवतात हे ऐकून त्यांनी शेवग्यावर फवारणी करायची नाही असं लगेच जाहीर केलं. बाजरीची कणसं मार्केट यार्डातून आणायला सांगितली आहेत. शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी डक्टच्या जाळीबद्दल बोलणं झालं, खर्चात आम्ही वाटा उचलू म्हटल्यावर ते ऐकायला तयार झाले.

दोन गोष्टी राहिल्या. पावसाळ्यात कणसं ठेवावीत का? आणि चिमण्यांसाठी लाकडी घरटं लावायचं झालं तर भोक केवढं असावं?

देशावरचा

जून ते सप्टेंबर दाणे नकोत. दमट हवेत कणसाला दोन दिवसांत बुरशी लागते आणि तसले दाणे पक्ष्यांना विषासारखे. त्या काळात बाहेर किडे भरपूर असतात. पाण्याची थाळीही काढून ठेवलीत तरी चालेल.

घरट्याचं भोक सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर. यापेक्षा मोठं केलंत तर साळुंकी शिरते. भोकाखाली बसायला काडी लावू नका, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याला सोयीची होते. आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन येत नाही अशा भिंतीवर, छपराच्या आडोशाला लावा. तळाला दोन-तीन बारीक छिद्रं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही. कणसांपासून लांब लावा, खाण्याच्या गर्दीजवळ चिमणी घरटं करायला बिचकते.