छोटीचा कॅमेरा (छोटीला अ‍ॅड करू नका)

ताई: काका, छोटीच्या गिफ्टसाठी तुम्ही कॅमेऱ्याचा जो स्क्रीनशॉट टाकलात तो मी आत्ता बघितला. ऑर्डर टाकलीत की अजून कार्टमध्येच आहे? टाकली नसेल तर प्लीज थांबा. आपलं ठरलं होतं ना की आधी ग्रुपवर बोलायचं मग घ्यायचं, आणि आज एकदम कॉम्बो, दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, वर लेन्सवर पिळून बसवायचं ते वाइड अँगलचं भिंग

काका: कार्टमध्येच आहे. ऑफर आज रात्रीपर्यंत आहे. कोणी उत्तरच देत नाही तर माणसाने काय करायचं? वॉशिंग मशीनच्या वेळी पण चर्चा करता करता ऑफर गेली होती

वहिनी: वॉशिंग मशीनचा विषय नको प्लीज 🙏

चिंट्या: निघाला निघाला 😂

नाना: अण्णांची लेन्स कपाटात आहे. ती कशाला बसते ते आधी बघा.

आत्या: अगं मला तर एवढं मोठं गिफ्टच नको वाटतंय. सगळ्यांनी मिळून द्यायचं हे ठीक आहे पण उद्या तिने दोन महिने वापरून ठेवून दिला तर मलाच ऐकावं लागेल

ताई: आत्या ठेवून नाही देणार गं. नाचाच्या तालमीला रोज फोन घेऊन बसते आणि सगळे फोटो हललेले येतात म्हणून चिडते. म्हणून तर म्हणतेय की जे हललेलं येतं तेच सुधारणारी वस्तू घेऊया

काका: मग हेच सुधारतं. २४ मेगापिक्सल. १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन झूम लेन्स. जवळचं पण येतं लांबचं पण येतं. अजून काय पाहिजे

चिंट्या: माझा फोन १०८ मेगापिक्सलचा आहे, मी तोच गिफ्ट करू का, नवीन मी घेतो

ताई: चिंट्या थांब जरा. काका, मेगापिक्सलवर नका जाऊ हो. २४ मेगापिक्सल म्हणजे ६००० गुणिले ४०००, आणि ए४ आकाराचा स्वच्छ प्रिंट काढायला साधारण ९ मेगापिक्सल पुरतात. आजचा कुठलाही डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, त्या बाबतीत पुरून उरतो. अडचण प्रकाशाची आहे. तालमीचा हॉल अंधारा, मुली गिरक्या घेतायत, त्या पकडायच्या तर शटर निदान १/२५० सेकंद पाहिजे. आता तुमच्या कॉम्बोतली १८-५५ पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते (हा आकडा मोठा म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), ५५-२५० पण टोकाला ५.६ च. त्या हॉलमध्ये ५.६ ला आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १२८०० वगैरे लावावा लागेल, म्हणजे फोटोवर नुसती रवाळ पूड. तेच एफ १.८ ची लेन्स असेल तर नऊपटीहून जास्त प्रकाश आत येतो, आयएसओ १२५० च्या आसपास भागतं. फरक इथे आहे. लेन्सची संख्या वाढवून हा फरक पडत नाही

दादा: मुळात डीएसएलआर कशाला? कॅनन आणि निकॉन दोघांनी २०२० नंतर एकही नवीन डीएसएलआर काढलेला नाही. दोघांची मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, नवीन माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती कडी) २०१८ पासून आहेत. आज घ्यायचं तर मिररलेसच घ्या. मी हे आधीच्या ग्रुपवर पण बोललो होतो, तेव्हा कोणी वाचलं नाही

वहिनी: वाचलं होतं. उत्तर दिलं नव्हतं

नाना: अण्णांची लेन्स निकॉनची आहे. ५० मिमी. काकांच्या कार्टमध्ये कॅनन दिसतोय.

काका: नाना त्या लेन्सला वीसेक वर्षं झाली. तिला विसरा आता

नाना: तुला अण्णांचा कॅमेरा कधी हातात धरायला मिळाला नाही म्हणून विसर म्हणतोस.

आत्या: अहो नाना राहू दे ना आता ते

चिंट्या: काका, अण्णांचा कॅमेरा नाही पण माझा ट्रायपॉड तुमच्या हातात गेला तो अजून आलेला नाही. कॉम्बोमधला ट्रायपॉड मला चालेल

काका: तुझा ट्रायपॉड माळ्यावर आहे, येऊन घेऊन जा. ग्रुपवर काढायची गोष्ट आहे का ही

चिंट्या: तीन वेळा आलो काका. तीनही वेळा माळ्याची शिडी शेजारी गेली होती

ताई: दादा तुझा मुद्दा रास्त आहे, मी टाळत नाहीये. मिररलेसला डोळ्यावर फोकस, लहान बॉडी, पुढची वीस वर्षं नवीन लेन्स, सगळं खरं. पण दोन गोष्टी बघ. एक म्हणजे आपल्या बजेटमध्ये मिररलेस बॉडी घेतली की चांगल्या लेन्सला पैसे उरत नाहीत, आणि डीएसएलआर बंद होतायत म्हणूनच वापरलेल्या बॉडी आणि लेन्स भरपूर मिळतायत. नवीन मॉडेल आलं नाही म्हणून आहे तो कॅमेरा फोटो काढायचा थांबत नाही. दुसरं म्हणजे छोटीला आरशातून बघायचंय. अण्णांचा रोलचा कॅमेरा डोळ्याला लावून ती नुसती बसते, रोल नाही काही नाही, खट करून शटर दाबते आणि परत चावी ओढते. तिला तो आरसा, तो आवाज पाहिजे. स्क्रीनकडे ती दिवसभर बघतेच की

दादा: आवाजासाठी कॅमेरा घ्यायचा हे मला पटत नाही. पण ठीक आहे, तुम्ही ठरवा, मी माझा वाटा पाठवतो

वहिनी: वाटा पाठवतो असं याच्या आधी पण म्हणाला होतास. अजून तिघांचे आलेले नाहीत, नावं लिहीत नाही

दादा: वहिनी माझंच नाव लिहायचं असेल तर सरळ लिहा

वहिनी: लिहिलं असतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं म्हणून नाही लिहिलं

नाना: लेन्सवर बघितलं. एएफ निक्कोर ५० मिमी, १:१.८ डी असं लिहिलंय. ही बसते का ते कोणी सांगेल का? तिसऱ्यांदा विचारतोय.

ताई: नाना!! १.८ डी आहे? हे आधी सांगायचं ना. मी समजत होते ती हाताने फोकस करायची जुनीवाली. हीच तर लेन्स पाहिजे आपल्याला

नाना: मी काल दुपारपासून सांगतोय.

काका: मग आता काय, निकॉन घ्यायचा? निकॉनचा पण कॉम्बो आहे, डी ३५००

ताई: डी ३५०० घेऊ नका, निदान या लेन्ससाठी नको. सांगते का ते, जरा लांब होईल. या डी लेन्सच्या आत मोटर नसते. लेन्सच्या मागे धातूच्या कडेला एक बारीक खाच असते, स्क्रूच्या डोक्याला असते तशी. बॉडीच्या माउंटमधून एक छोटं पातं बाहेर आलेलं असतं ते त्या खाचेत बसतं आणि बॉडीची मोटर ते फिरवून फोकस करते. डी ३००० आणि डी ५००० या दोन्ही मालिकांमध्ये ते पातंच नाही, वजन आणि खर्च कमी करायला मोटर काढून टाकलीय. लेन्स बसेल, प्रकाश मोजणारं मीटर चालेल, फोटो निघेल, पण फोकस हाताने. गिरकी घेणाऱ्या मुलीवर नवशिक्या हाताने १.८ ला फोकस करणं म्हणजे दहातले नऊ फोटो गेले. डी ७००० च्या मालिकेत मोटर आहे, म्हणजे डी ७२०० किंवा डी ७५००. दादा, निकॉनच्या मिररलेसला जुन्या लेन्स लावायचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी ही लेन्स आपोआप फोकस करत नाही, त्या अडॅप्टरमध्ये पण मोटर नाही

दादा: हो ते बरोबर आहे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र अडॅप्टरवर व्यवस्थित चालतात, १९८७ पासून मोटर लेन्समध्येच ठेवलीय त्यांनी

काका: डी ७२०० कधीचा आहे? २०१५ चा! दहा वर्षं जुना कॅमेरा आपण मुलीला गिफ्ट देणार. आणि तोही कोणाचा तरी वापरलेला. लोक काय म्हणतील

आत्या: मला पण वापरलेला नको वाटतंय गं. पहिलीच वस्तू तिची. आणि जड असतो म्हणतात ना तो

ताई: जड आहे आत्या, हे खरं. डी ७२०० बॅटरीसकट साधारण पाऊण किलो, डी ३५०० चारशे ग्रॅमच्या थोडा वर. तिचा हात लहान आहे, म्हणून मी म्हणते की सरप्राइज राहू दे बाजूला, तिला दोन्ही एकदा हातात धरायला देऊ. मोठी पकड उलट बरी पडते काही जणांना, करंगळी खाली लोंबत नाही. आणि वापरलेल्याची भीती मला पण आहे, म्हणून दुकानाची वॉरंटी असलेलाच घ्यायचा, कोणाकडून असाच नाही. शटर किती वेळा उडालंय ते निकॉनच्या फोटोच्या माहितीत लिहिलेलं असतं, ते तपासता येतं. डी ७२०० चं शटर दीड लाखांसाठी तपासलेलं आहे, वीस पंचवीस हजार झालेला मिळाला तर तिला कितीतरी वर्षं पुरेल. शिवाय एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचा, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात

काका: कॉम्बोमध्ये हे काही करावं लागत नाही. डबा उघडायचा आणि वापरायचा

ताई: काका तुम्ही सगळ्यात आधी पैसे काढलेत, धावपळ पण तुम्हीच करताय, हे सगळ्यांना माहितीय. पण त्या डब्यातला ट्रायपॉड डीएसएलआरचं वजन धरत नाही, मान खाली घालतो. ते पिळायचं भिंग लावलं की फोटोच्या कडा पुसट होतात. ५५-२५० ती हॉलमध्ये वापरणारच नाही. म्हणजे पैसे जातायत ते न वापरायच्या वस्तूंवर, आणि तिचा मूळ त्रास आहे तिथेच राहतो

चिंट्या: ट्रायपॉड मान खाली घालतो 😂 काका माझा नव्हता हो तसा

काका: शिडी आलीय. ये उद्या

वहिनी: पण मला एक सांगा, ५० मिमीमध्ये सगळा ग्रुप येईल का? मुली बारा आहेत

ताई: नाही येणार वहिनी, चांगलं विचारलंत. या बॉडीचा सेन्सर लहान असतो, त्यावर ५० ची चौकट ७५ सारखी दिसते. एक दोन मुली छान येतील, सगळ्या बारा नाहीत. त्यासाठी १८-५५ वापरलेली घेऊ, ती सगळीकडे पडलेली असते. शेवटी सगळ्या ओळीत उभ्या राहतात तेव्हा हलत नाहीत, शटर हळू ठेवलं तरी चालतं. पुढे कधी या लहान सेन्सरसाठीची ३५ मिमी १.८ डीएक्स लेन्स घेता येईल तिला, वाढदिवसाला वगैरे

दादा: व्हिडिओ काढणार असेल तर कॅनन २०० डी मार्क टू बरा, स्क्रीन बाहेर वळते, माइक लागतो, स्क्रीनवर बघताना फोकस पण वेगात. हे नोंदवून ठेवा, नंतर म्हणू नका सांगितलं नाही

ताई: नोंदवलं. तालमीचे व्हिडिओ तिची मैत्रीण काढते, हिला फोटोच पाहिजेत. तरी हातात धरायला तो पण देऊ तिला

नाना: लेन्स टॉर्चने बघितली. आत काहीतरी पांढरं दिसतंय. बुरशी असेल तर सगळं मुसळ केरात.

आत्या: अरे देवा

ताई: घाबरू नका नाना. टॉर्च लेन्सच्या मागून धरा आणि समोरून तिरकं बघा. सुटे सुटे ठिपके असतील तर धूळ आहे, फोटोत दिसतसुद्धा नाही. झाडाच्या मुळांसारखं फांद्या फुटलेलं जाळं असेल तर बुरशी

नाना: ठिपके आहेत. पाच सहा. फांद्या नाहीत.

ताई: मग झालं. आता छिद्राची रिंग २२ वर फिरवा, तिथे एक छोटा खटका आहे तो लॉक करा. तसंच कॅमेऱ्याला लावायची, नाहीतर स्क्रीनवर एफईई असं येतं आणि शटरच उडत नाही, दुकानात तेवढ्यावरून लेन्स खराब आहे म्हणतील. आणि मागे एक बारीक दांडी आहे ती बोटाने सरकवून सोडा, आतली पाती उघडून फट्कन परत मिटली पाहिजेत. हळूहळू मिटली तर पात्यांवर तेल आलंय

नाना: फट्कन मिटतात.

काका: ठीक आहे. कार्ट रिकामी केली. पण दुकानात मी पण येणार, आणि वॉरंटीचा कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ द्यायचे नाहीत. शनिवारी चालेल का

आत्या: शनिवारी संध्याकाळी तिची तालीम असते, सकाळी चालेल. तिला काय सांगून न्यायचं तेवढं ठरवा, मला खोटं बोलता येत नाही

ताई: खोटं नको बोलूस. अण्णांची लेन्स दाखवायला चाललोय म्हण. नाना, लेन्स तुम्ही स्वतः घेऊन या, पुढचं मागचं दोन्ही झाकण लावून

नाना: मागचं झाकण नाही.

चिंट्या: माझ्याकडे आहे एक निकॉनचं. उद्या ट्रायपॉड न्यायला जातो तेव्हा काकांकडे देतो

वहिनी: आणि ज्यांचे राहिलेत त्यांनी शुक्रवारपर्यंत पाठवा. दादा तुमचे आत्ता आले, मिळाले 🙏