माळ्यावरची कॅसेट : मॅडोना तुमच्यापर्यंत कशी पोहोचली?

वेंगुर्ल्याहून, धागाकर्ती : गणपतीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत अमेरिकन गायिका मॅडोनाची ‘लाइक अ प्रेअर’ या अल्बमची कॅसेट सापडली. कुवेतहून सुटीवर येताना मामांनी ती आणली होती. वीज गेली की टेप सेलवर चाले, आणि सेल उतरू लागले की तिचा आवाज जाड व संथ होत जाई. तरीही आम्ही बहिणी गाणे संपेपर्यंत उठत नसू. मुखपृष्ठावरचे उघडे पोट बाबांना दिसू नये म्हणून मी कागद उलटा घालून ठेवला होता. तो आजही उलटाच आहे. आपापले अनुभव अवश्य लिहा.

मालवणहून : आमच्या ख्रिस्ती घरात आजी नावावरच अडली होती. मॅडोना म्हणजे सायबीण, अर्थात मेरीमाता; तिचे नाव घेऊन असे नाचतात का, हा आजीचा प्रश्न होता, आणि 1989 मध्ये ‘लाइक अ प्रेअर’ गाण्याच्या जळत्या क्रुसांच्या व्हिडिओवरून व्हॅटिकननेही निषेध केला होता. पेप्सीने तर मॅडोनाची जाहिरातच मागे घेतली. मॅडोना हे तिचे खरे नाव असून ते तिच्या आईचेच आहे, ती आई 1963 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेली तेव्हा मुलगी अवघी पाच वर्षांची होती, आणि हा अल्बम तिने त्याच आईला अर्पण केला आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. मी आजीला ते सांगितले. ती काहीच बोलली नाही. मात्र संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, तिने त्या आईसाठी एक प्रार्थना जास्त म्हटली.

रत्नागिरीहून : 1998 च्या ‘रे ऑफ लाइट’ अल्बममध्ये तिने ‘योगतारावली’ या योगावरच्या संस्कृत ग्रंथातला श्लोक गायला, तेव्हा आमच्या संस्कृतच्या बाईंनी तो वर्गात मुद्दाम ऐकवला होता. मला मात्र तिचे मेंदी काढणे आणि पुढच्या अल्बमला ती सोडून काउबॉयची टोपी घालणे आजही खटकते.

दापोलीहून : धागाकर्तीच्या त्याच अल्बमसोबत एड्सची माहिती देणारे पत्रक घातलेले होते. तिचे नृत्यशिक्षक ख्रिस्तोफर फ्लिन 1990 मध्ये याच आजाराने गेले. माझा चुलतभाऊ मुंबईहून आजारी होऊन गावी परतला, तेव्हा वाडीतल्या कोणीही आमच्या विहिरीवर पाणी भरले नाही, आणि तो गेला तेव्हा खांदा द्यायला घरचेच चौघे होतो. जगातली एवढी मोठी गायिका या आजाराविषयी उघडपणे बोलत होती, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले असते तर त्याच्या आईला फार आधार वाटला असता.

मालवणहून : दापोलीकर, वाचून गलबलून आले. वेंगुर्ल्याच्या ताई, बुरशी असेल तर कॅसेट एकदम लावू नका; आधी पेन्सिलीने फीत हळूहळू पुढेमागे फिरवा. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे तिच्या आईविषयी आहे.

वेंगुर्ल्याहून, धागाकर्ती : फीत मोकळी झाली आहे. मुलाला सेल आणायला बाजारात पाठवले आहे.