मदत हवी आहे: इंग्लिश ट्रस्ट लॉ, 'पूर्ण विश्वास आहे' लिहिलं की ट्रस्ट होतो का नाही?

मंडळी, इथे कोणी इंग्लंडातला कायदा शिकलेलं आहे का? मी पुण्यात एलएलबी केलंय, आता लंडनला लॉ कन्व्हर्जन करतेय आणि ट्रस्टच्या (म्हणजे एकाने दुसऱ्याच्या भल्यासाठी मालमत्ता सांभाळण्याच्या) पेपरात थ्री सर्टन्टीजपाशी, म्हणजे ट्रस्ट व्हायला ज्या तीन गोष्टी पक्क्या लागतात तिथे, गाडी अडलीये. नाइट विरुद्ध नाइट, 1840, लॉर्ड लँगडेल, हेतू हवा, मालमत्ता कुठली ते कळायला हवं, कोणासाठी ते कळायला हवं, एवढं पाठ आहे, ते कृपया परत सांगू नका :)

घोळ हेतूचा आहे. आपल्या 1882 च्या इंडियन ट्रस्ट्स ॲक्टच्या कलम 6 खालचं पहिलंच उदाहरण बघा, 'ब ही मालमत्ता क च्या भल्यासाठी वापरेल असा पूर्ण विश्वास आहे' म्हणून अ ने ब ला दिली, तर ट्रस्ट झाला. आणि दोनच वर्षांनी तिकडे ॲडम्स अँड केन्सिंग्टन व्हेस्ट्रीच्या केसमध्ये नवऱ्याने मृत्युपत्रात सगळं बायकोला दिलं, मुलांच्या बाबतीत ती योग्य तेच करेल असा पूर्ण विश्वास आहे असं लिहिलं, तर कोर्ट ऑफ अपील म्हणतं ट्रस्टबिस्ट काही नाही, बाईच मालकीण. बरं मग 1905 ची कोमिस्की केस, हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट), पुन्हा नवरा, पुन्हा बायको, पुन्हा 'पूर्ण विश्वास', आणि तिथे ट्रस्ट झाला! हे कसं काय?

अजून एक, असाइनमेंटमधले गृहस्थ भाच्याला म्हणतात की माझ्या 1000 शेअर्सपैकी 200 आणि तळघरातल्या 80 पेट्या वाईनपैकी 20 तुझ्याच समज, मी नुसता सांभाळतोय. वेगळं काहीच काढलेलं नाही. सिनियर म्हणतो शेअर्स चालतील, वाईन नाही. का??

ठाणेकर वकील:
तिन्हीकडे शब्द सारखे दिसतात म्हणून गोंधळ होतोय, पुढचं वाचा ना. कलम 6 मध्ये क कोण ते ठरलेलं आहे आणि ब ने काय करायचं तेही. ॲडम्समध्ये बायकोला आधी पूर्ण मालकी देऊन झालीये, आणि 'योग्य ते' म्हणजे कोणाला किती, काही पत्ता नाही. कोमिस्कीत पुढे अजून एक ओळ आहे, तिने पुतण्या-भाच्यांपैकी कोणाला दिलं नाही तर तिच्या पश्चात त्यांच्यात सारखं वाटायचं. बायकोच्या मर्जीवर सोडणारा माणूस असं कशाला लिहून ठेवेल? खरी चावी तीच ओळ.

पूर्वी चान्सरी कोर्ट (ट्रस्टचे खटले चालवणारं तिथलं जुनं कोर्ट) 'आशा आहे', 'इच्छा आहे' असल्या शब्दांतूनही सर्रास ट्रस्ट काढायचं, कारण 1830 चा एक्झिक्युटर्स ॲक्ट येईपर्यंत मृत्युपत्रात वाटायचं राहिलेलं बऱ्याचदा एक्झिक्युटरच्याच (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याच्याच) घशात जायचं. नंतर ती गरज उरली नाही, आणि 1871 च्या लॅम्ब विरुद्ध ईम्सपासून वारं फिरलं. उत्तरात हे दोन ओळीत टाका, मार्क मिळतात. कलम 6 मात्र तिकडच्या पेपरात लिहू नका.

धागाकर्ती:
आत्ता कळलं, धन्यवाद दादा! वाईनचं कोणी सांगेल का?

लीड्सवासी:
सिनियर बरोबर आहे, पण मला स्वतःला तो फरक पटत नाही. हंटर विरुद्ध मॉस, 1994. मॉसकडे 950 शेअर्स, त्यातले 50 हंटरचे म्हणाला, वेगळे न काढताही कोर्टाने ट्रस्ट मानला, कारण एकाच क्लासचे (प्रकारचे) शेअर्स, हा घेतला काय नि तो घेतला काय. लंडन वाईनच्या केसमध्ये गिऱ्हाइकांनी पैसे भरले होते, माल गोदामात एकत्रच पडून होता, कंपनी बुडाली आणि कोणती पेटी कोणाची ते सांगता येईना, म्हणून ट्रस्ट नाही. आता मॉसने दुसऱ्या दिवशी 100 शेअर्स विकले असते तर कोणाचे गेले असते, याचं धड उत्तर निकालात नाहीये आणि त्यावर टीकाही भरपूर झालीये, ती लिहाच. 1995 च्या दुरुस्तीने सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये (मालविक्रीच्या कायद्यात) कलम 20ए आलं, एकत्र साठ्यातला माल पैसे देऊन घेणाऱ्याला त्यात हिस्सा मिळतो, पण तुमच्या भाच्याने छदामही दिलेला नाही, तेव्हा त्याला उपयोग नाही.

आणि शेअर्सवर जायच्या आधी 'तुझ्याच समज' याने हेतू सिद्ध होतो का ते बघा. पॉल विरुद्ध कॉन्स्टन्समध्ये 'हे पैसे जितके माझे तितकेच तुझे' असं कॉन्स्टन्स पॉलबाईंना वारंवार म्हणायचा म्हणून चाललं. जोन्स विरुद्ध लॉकमध्ये बापाने 900 पौंडांचा चेक तान्ह्या पोराच्या हातात ठेवला, तरी नाही चाललं. तुमचे गृहस्थ हे एकदाच म्हणालेत का सारखं म्हणायचे, प्रश्नात काय दिलंय?